एक उमेदवार, घरभर परीक्षक

मराठी घरात मुलाखत एकट्या माणसाची कधीच नसते. अर्ज एकजण करतो, मुलाखतीला मात्र अख्खं घर बसतं. समोरासमोरची मुलाखत असेल तर निदान उमेदवार चपला घालून बाहेर पडतो, दार ओढून घेतो आणि घरच्यांचा इलाज तिथे संपतो. फोनवरची मुलाखत घरातच होते. खुर्ची आपली, पंखा आपला, पाण्याचा तांब्या आपला. परका फक्त साहेब. अशा वेळी घरच्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट करून बसावं, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही.

माझ्या पुतणीला थायलंडमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा हे सगळं मी जवळून पाहिलं. पुतणी इंग्रजीत एम. ए., बी. एड., पुण्यातल्याच एका शाळेत शिकवते. परभाषकांना इंग्रजी कसं शिकवावं याचा १२० तासांचा टेफल नावाचा अभ्यासक्रम असतो, तोही तिनं रात्री जागून पुरा केला होता. शाळा होती नखोन रात्चसिमाला, म्हणजे बँकॉकच्या ईशान्येला. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं आणि उमेदवाराच्या बापानं, ते नाव दोनदा वाचलं आणि 'नगर राजसीमा' असं सोपं करून घेतलं. त्यानंतर नातेवाइकांत 'पोरगी नगरला चाललीय' अशी बातमी पसरली आणि दोघातिघांनी तिथे आपली ओळख असल्याचंही कळवलं. हे एका परीनं बरंच झालं. कारण बँकॉक हा शब्द उच्चारला की आमच्या सोसायटीतले काही गृहस्थ उगाच खोकतात.

शाळेचं पत्र सुटसुटीत होतं. गुरुवारी बँकॉकच्या वेळेनुसार सकाळी साडेदहाला फोन येईल, अर्धा तास बोलू. पण कोपऱ्यातल्या तारखेत साल होतं २५६८. दादानं चष्मा पुसून परत घातला.

"अजून पाचशे त्रेचाळीस वर्षं आहेत," तो म्हणाला. "तयारीला वेळ आहे."

थायलंडमध्ये बुद्धाच्या नावाचं संवत चालतं, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवले की त्यांचं साल येतं, असा खुलासा पुतणीनं केला. त्यावर आमच्या आईनं दादालाच झापलं. "आपल्या पंचांगात नाही का शक वेगळा? त्यांना काय हसतोस?"

सालाचं मिटलं, तेवढ्यात वेळेचं निघालं. बँकॉकचे साडेदहा म्हणजे आपले किती? थायलंड आपल्या दीड तास पुढे. 'पुढे' म्हणजे दीड तास मिळवायचा की वजा करायचा यावर दादा आणि मामा यांच्यात कागदपेन्सिलीनं वाद झाला. मामा म्हणजे वहिनीचे भाऊ. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. नोकरीत असताना त्यांनी कारकुनांच्या मुलाखती घेतलेल्या असल्यामुळे जगातली कुठलीही मुलाखत आपल्या अखत्यारीत येते, असं ते धरून चालतात. एकाचं उत्तर नऊ आलं, दुसऱ्याचं बारा. शेवटी वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "सूर्य त्यांच्याकडे आधी उगवतो ना? मग त्यांचे आधी वाजतात. आपले नऊ." मामांनी कागद उलटा करून खिशात घातला.

खरी अडचण वाराची होती. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. लाईट जायचे असतील तर गुरुवारी, नळाला पाणी नसायचं असेल तरी गुरुवारीच. सकाळी गेलेले लाईट दुपारी येतील, संध्याकाळी येतील, किंवा मध्येच डोकावून परत जातील. कुणाला सांगता येत नाही. "वार बदलून माग," दादा म्हणाला. पण थायलंडमध्ये गुरुवार हा गुरूंचा वार मानतात. वर्षाच्या सुरुवातीला शाळाशाळांतून 'वाय खू' नावाचा गुरुवंदनेचा सोहळा होतो, तोही गुरुवारीच धरतात, असं पुतणीकडून कळलं आणि आईनं निकाल दिला. वार बदलायचा नाही. त्यांच्या राजाचं नाव राम आहे आणि सध्या दहावा राम गादीवर आहे, हे तिनं त्याआधीच कुणाकडून तरी मिळवलं होतं. तिच्या दृष्टीनं निवड झालेलीच होती, मुलाखत हा केवळ उपचार.

मामांचं तसं नव्हतं. त्यांना मुळात थायलंडच का, हा प्रश्न होता. कोरिया का नाही? तिथे पगार जास्त. पुतणीनं समजावलं की दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा साधारणपणे सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेल्या आणि २०१० मध्ये अमलात आलेल्या करारानं आपल्या प्रशिक्षित शिक्षकांना एक फट ठेवली आहे, पण ती अरुंद.

"म्हणजे आम्ही दीडशे वर्षं प्रत्यक्ष इंग्रजाच्या तोंडून इंग्रजी ऐकून घेतलं," मामा म्हणाले, "तो अनुभव धरत नाहीत?"

धरतात, पण वेगळ्या रकान्यात. काश्मीरमध्ये जन्मलेल्या ब्रज काचरू या भाषाशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या जगाची तीन वर्तुळं आखली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका वगैरे जन्मजात इंग्रजीवाले. त्याबाहेरच्या वर्तुळात भारतासारखे देश, जिथे इंग्रज राज्य करून गेला आणि इंग्रजी ठेवून गेला. तिसऱ्या, पसरत्या वर्तुळात थायलंड, चीन, जपान; तिथे इंग्रजाचं राज्य कधी नव्हतं, पण भाषा हवी आहे. म्हणजे पहिल्या वर्तुळाची भाषा शिकवायला तिसऱ्या वर्तुळानं दुसऱ्या वर्तुळाला फोन करायचा, असा हा व्यवहार. मामांना तो चटकन कळला. बँकेतही हेड ऑफिस, झोनल ऑफिस आणि शाखा अशीच रचना असते, आणि खरं काम झोनल ऑफिस करतं. मामा झोनल ऑफिसातून निवृत्त झाले होते.

दुसऱ्या वर्तुळातल्या उमेदवाराकडून कागदही जास्त मागतात. आतल्या वर्तुळातल्याला पदवी आणि पासपोर्ट दाखवून बरंच भागतं. आपल्याला इंग्रजी येतं याचा वेगळा दाखला लागतो. थायलंडमध्ये त्यासाठी बहुधा टोइक ही परीक्षा चालते, एकूण गुण ९९०. "हजारला दहा कमी का?" हा दादाचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. पुतणीनं ती परीक्षा दिली, गुण चांगले पडले. पण कागदावरचं इंग्रजी आणि कानावरचं इंग्रजी यांत फरक असतो, आणि तो तपासायलाच फोन येणार होता.

इथून घरच्यांची खरी मदत सुरू झाली.

आमच्या पिढीत मराठी शाळेतलं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं २००० साली. त्याआधीच्या सगळ्यांनी ते तर्खडकरांच्या भाषांतरमालेतून आणि रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातून गोळा केलेलं. दादाकडचं रेन अँड मार्टिन अजून कपाटात आहे, खाकी कव्हरसकट. त्यातले रेन म्हणजे पी. सी. रेन. हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि पुढे त्यांनी फ्रेंच लष्करातल्या परदेशी शिपायांवर 'बो जेस्ट' नावाची धाडसी कादंबरी लिहिली, १९२४ मध्ये. तीवर सिनेमे निघाले. दादाला हे मी सांगितलं तेव्हा तो गंभीर झाला. ज्या माणसानं आपल्याला डायरेक्ट-इनडायरेक्टच्या वाळवंटात पळवलं, तो माणूस रिकाम्या वेळात लोकांना खऱ्या वाळवंटात पळवत होता, यात त्याला सुसंगती दिसली.

दादाचा विश्वास असा की चांगलं इंग्रजी म्हणजे लांब इंग्रजी. 'स्वतःविषयी सांगा' या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतः लिहून काढलं. त्यात पुतणीचा जन्म दुसऱ्या पानावर होत होता. पहिलं पान आजोबांचं होतं. वाक्यं 'आय बेग टु स्टेट' पासून निघून 'नॉटविथस्टँडिंग' मध्ये थोडा दम घेऊन 'हिअरिनअबव्ह' ला मुक्कामाला पोचत होती. एकेका वाक्यात इतका ऐवज होता की चोरी झाली असती तर पंचनाम्याला दिवस पुरला नसता.

पुतणीनं ते शांतपणे वाचलं. म्हणाली, "बाबा, मला ज्या मुलांना शिकवायचंय ती दहा वर्षांची आहेत. त्यांना इंग्रजीचे शंभर शब्द येत असतील. त्या शंभरात मला बोलता येतं की नाही, तेवढंच ते बघणार."

दादा बराच वेळ गप्प राहिला. त्याच्या हयातीत इंग्रजीचा हा उपयोग कुणी सांगितला नव्हता. आपण सगळे इंग्रजी शिकलो ते चारचौघांवर छाप पाडायला, अर्जात वजन आणायला, बँकेतल्या साहेबाला निरुत्तर करायला. समोरच्याला पटकन कळावं म्हणून इंग्रजी बोलायचं असतं, हा विचार आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आला आणि कुठे बसावं ते न कळून दारातच उभा राहिला. शिक्षकाचं इंग्रजी जितकं साधं तितका शिक्षक मुरलेला, अशी ही उलटी विद्या. 'द कॅट इज अंडर द टेबल' हे वाक्य मांजर, टेबल आणि इज्जत तिन्ही सांभाळून म्हणणं फार अवघड असतं. एम. ए. झालेल्या माणसाला तर विशेष.

तयारीचा दुसरा भाग फोनचा. फोनवर चेहरा नसतो हे आपल्याला माहीत असतं, पण पटलेलं नसतं. मराठी माणूस निम्मं बोलतो ते मानेनं आणि हातानं. सरावासाठी मामा आतल्या खोलीतून फोन करायचे, प्रश्न विचारायचे, आणि पुतणी बाहेर बसून अत्यंत समजूतदारपणे मान हलवायची. मग आतून आरोळी यायची, "आहेस का?" टेफलवाल्यांचा सल्ला असतो की फोनवर बोलताना उभं राहा, हसरा चेहरा ठेवा, हसू आवाजात उतरतं. त्याप्रमाणे ती आरशासमोर उभी राहून हसत सराव करू लागली. कामाला येणाऱ्या मावशींनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, पाव्हणे बघून गेले का हो कुणी?"

आईचा नियम वेगळा. बाहेरगावच्या फोनवर आवाज अंतराच्या प्रमाणात वाढवायचा, हा ट्रंक कॉलच्या काळातला कायदा तिनं अजून रद्द केलेला नाही. नाशिकच्या आत्याशी ती ज्या आवाजात बोलते त्यात फोनची गरज फक्त बिलापुरती राहते. थायलंडसाठी गच्चीवर जावं लागेल, असा तिचा अंदाज होता.

आणि तरी टेलिफोन हे यंत्र या कामाला परकं नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा मूळ धंदा शिकवण्याचाच. बॉस्टनमध्ये ते बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवत; त्यांचे वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. १८७६ मध्ये बेलना टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लग्न केलं ते मेबल हबर्ड या आपल्या बहिऱ्या विद्यार्थिनीशी. म्हणजे ज्यानं जगाच्या कानाला यंत्र लावलं, त्याच्या घरात त्या यंत्राचा निम्म्या माणसांना उपयोग नव्हता. फोन उचलल्यावर 'अहॉय' म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. 'हॅलो' एडिसननं रूढ केलं. नाहीतर आज पुण्यात घराघरातून खलाशी बोलल्यासारखं ऐकू आलं असतं.

बेलच्या यंत्राची एक खोड मात्र मुलाखतीत नडते. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. 'स' चा सीत्कार बराचसा त्याच्या वरचा. त्यामुळे फोनवर 'एस' आणि 'एफ' जुळी भावंडं होतात. आमच्या आडनावात एक 'एस' आहे. तो थायलंडला 'एफ' होऊन पोचला तर नेमणुकीचं पत्र भलत्याच घराण्याला जाईल, या काळजीनं मामांनी अक्षरं फोडून सांगण्याचा सराव घेतला. विमानवाले, लष्करवाले 'एस फॉर सिएरा, पी फॉर पापा' म्हणतात, तसं पुतणी म्हणू लागली. 'पापा' ऐकून दादा दर वेळी "काय गं?" म्हणून बाहेर यायचा. शेवटी घरगुती वर्णमाला ठरली: एस फॉर सांगली, पी फॉर पंढरपूर. नखोन रात्चसिमाच्या माणसाला पंढरपूर कितपत उमजेल, हा मुद्दा आईसमोर कुणी काढला नाही.

उच्चारांवरून दादाचं आणि पुतणीचं जुंपलं. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो. इंग्रजीत शब्दातल्या एकाच अक्षराला मान असतो, बाकीची उभी राहतात. 'व्हेजिटेबल' या शब्दातलं मधलं अक्षर पुतणी गिळायची आणि दादा ते काढून परत तिच्या तोंडात द्यायचा. "पुस्तकात छापलंय ना? मग म्हणायला काय जातं?" एकदा दिलेल्या पैशातला एकही माल दुकानात सोडून यायचा नाही, हे त्याचं धोरण त्यानं स्पेलिंगलाही लावलं होतं.

पण मुलाखतीत विचारतात काय? हे पुतणीला तिथे शिकवून आलेल्या एका मैत्रिणीकडून कळलं होतं. थायलंडच का? वर्गात पंचेचाळीस मुलं असतील तर काय कराल? मागच्या बाकावरचा मुलगा झोपला तर? कुणीच उत्तर दिलं नाही तर? आणि हमखास येणारा प्रश्न: मुलांना समजलं, हे तुम्हाला कसं समजेल?

"त्यात काय," मामा म्हणाले. "विचारायचं. डू यू अंडरस्टँड?"

नेमकं हेच विचारायचं नाही, असं टेफलवाले पहिल्याच आठवड्यात सांगतात. 'समजलं का?' या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. आपण सगळे त्या उत्तराच्या जिवावर दहावी झालो. सर फळ्याकडे तोंड करून "समजलं?" म्हणायचे आणि वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणायचा. त्या 'हो'चा समजण्याशी संबंध नव्हता; तो तास संपवण्याचा मार्ग होता. थायलंडमध्ये तर मुलांना शिक्षकाची भीड फार. 'क्रेंग चाय' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याला आपल्यामुळे तोशीस नको, अवघडल्यासारखं व्हायला नको. 'कळलं नाही' म्हटलं तर बाईंना वाईट वाटेल, म्हणून पंचेचाळीस मुलं हसून 'येस टीचर' म्हणणार. म्हणून समजलं की नाही ते दुसऱ्या वाटेनं काढायचं. छोटे, नेमके प्रश्न विचारायचे, ज्यांचं उत्तर समजल्याशिवाय देताच येत नाही.

हे ऐकून मामांनी मान हलवली, पण त्यांना ते पचलं नव्हतं. त्याच वेळी स्वयंपाकघरात वहिनी दादाला वाण्याकडे पाठवत होती.

"काय आणणार?"

"रवा."

"कुठला?"

"बारीक."

"किती?"

"अर्धा किलो."

"आणि बारीक नसला तर?"

"तर... जाड?"

"तर काहीही आणायचं नाही. परत सांगा."

पुतणी माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, हेच. १२० तासांत त्यांनी मला हेच शिकवलं." वहिनी हे इतकी वर्षं फी न भरता करते आहे. दादाला 'समजलं का?' असं तिनं एकदाही विचारलेलं नाही. लग्नानंतर लवकरच तिच्या लक्षात आलं असावं की तो 'हो' म्हणतो.

आता राहिला सर्वांत कठीण धडा: गप्प राहण्याचा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण करून तपासलं. त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतो. मग स्वतःच उत्तर देतो, नाहीतर दुसऱ्याला विचारतो. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, 'माहीत नाही' कमी होतं. तीन सेकंद. परभाषेत शिकणाऱ्या मुलाला तर ते लागतातच: प्रश्न उलगडायचा, उत्तर जुळवायचं, मग तोंड उघडायचं.

वर्गात तीन सेकंद म्हणजे विचार. फोनवर तीन सेकंद म्हणजे लाइन कटली. पुतणीनं सरावात प्रश्न विचारून थांबायला सुरुवात केली आणि मामांची अवस्था बघवेना. एका सेकंदाला ते "हॅलो" म्हणायचे, दुसऱ्याला "हॅलो हॅलो", आणि तिसऱ्या सेकंदाला फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघायचे. आमच्या घरात कुणी तीन सेकंद गप्प राहिलं तर आई कपाळाला हात लावून ताप बघते. बोलणं थांबलं की कुणीतरी ती जागा भरायची, हा आमचा घरगुती कायदा आहे. आणि पुतणीला नोकरी हवी होती ती जागा मोकळी ठेवण्याची.

गुरुवार उजाडला. पावणेनऊला लाईट गेले. वायफाय बंद झालं, पण फोन साधा येणार होता, त्यामुळे कुणी डगमगलं नाही. दादाच्या सल्ल्यावरून पुतणीच्या फोनवर परदेशातले अनोळखी नंबर बंद करून ठेवले होते. आदल्या रात्री ते खुले करताना '+६६ म्हणजे थायलंड, फसवणूक नाही' अशी चिठ्ठी फ्रिजवर लावली होती. पुतणी आतल्या खोलीत गेली. पाण्याचा तांब्या, कागद, घड्याळ. दार लोटलेलं. बाहेर आम्ही सगळे दाराला कान न लावता जितकं जवळ बसता येईल तितकं जवळ.

नऊच्या ठोक्याला फोन आला. पलीकडे शाळेच्या इंग्रजी विभागाच्या बाई होत्या. दादाच्या दोन पानांतलं एकही वाक्य कामी आलं नाही. थायलंडच का, याला आईनं दिलेलं दहाव्या रामाचं उत्तरही पुतणीनं दिलं नाही. मोठे वर्ग शिकवायची सवय आहे आणि नव्या भाषेत चाचपडणारी मुलं आवडतात, एवढंच म्हणाली. मग बाईंनी विचारलं, मी दहा वर्षांची विद्यार्थिनी आहे. 'ऑलरेडी' आणि 'येट' मला शिकवा. फळा नाही, चित्रं नाहीत, हात नाहीत. फक्त आवाज.

मामांनी डोळे मिटले. दादा पुटपुटला, "प्रेझेंट परफेक्ट."

आतून पुतणीचा संथ, स्वच्छ आवाज आला. "आय लिव्ह इन पुणे. टुडे इज थर्सडे. ऑन थर्सडे, द लाइट्स गो. टुडे द लाइट्स हॅव गॉन ऑलरेडी. माय फॅन इज नॉट मूव्हिंग." मग प्रश्न आला: "हॅव द लाइट्स कम बॅक?"

आणि ती थांबली.

एक. मामांचा हात उठला. दोन. दादा उभा राहिला, त्याला फ्रिजवरची चिठ्ठी काढून दाखवायची होती की काय कोण जाणे. आईनं श्वास घेतला, तिचा तो गच्चीवरचा श्वास. वहिनीनं नुसता हात वर केला आणि तिघंही जागच्या जागी थिजले. तीन.

"नो," पलीकडून आवाज आला असावा, कारण पुतणी म्हणाली, "गुड. नॉट...?" आणि परत थांबली.

त्याच क्षणी लाईट आले. मिक्सरचं बटण सकाळपासून चालूच राहिलं होतं. त्यात खोबऱ्याची चटणी होती. मिक्सर गरजला, वॉशिंग मशीननं शिट्टी मारली, दादाच्या टीव्हीवर कुणीतरी बाजारभाव सांगू लागलं, आणि सोसायटीतल्या समस्त बालकांनी एकमुखानं "आऽऽले!" असा जयघोष केला. मामा मिक्सरकडे धावले, दादा टीव्हीकडे, आणि दोघं दारात एकमेकांत अडकले.

आत पुतणी ढिम्म हलली नाही. तो गोंधळ तिनं पुरता वाजू दिला. मग विचारलं, "अँड नाउ?"

पलीकडच्या बाई हसत हसत ओरडल्या ते आम्हाला दाराबाहेर ऐकू आलं: "ऑलरेडी! दे हॅव कम बॅक ऑलरेडी!"

समजलं का, असं विचारायची गरज उरली नव्हती.

आठवड्याभरात निवडीचं पत्र आलं.  खुरुसफा या तिथल्या शिक्षक परिषदेच्या परवान्याचे कागद, पदवीची प्रमाणपत्रं, व्हिसा, अशी पुढची यादी होती आणि मामांनी ती ताब्यातही घेतली. मिक्सर आपण वेळेवर बंद केला नाही म्हणूनच निवड झाली, असं दादा नातेवाइकांना सांगतो. नगरच्या नातेवाइकांनी पेढे मागितले आहेत. पत्रात एक ओळ शाळेनं मुद्दाम लिहिली होती: उमेदवाराची समोरच्याला बोलू देण्याची तयारी आणि संयम आम्हाला विशेष आवडला, हे प्रशिक्षण कुठे घेतलं?

वहिनीनं पत्र घडी करून पुतणीच्या हातात दिलं. "लिही त्यांना," ती म्हणाली, "घरातच. बोलायला कधी मिळालंच नाही."